तुमच्या हातानं झिजलेलं इंजिन

अहो, तुमच्या गाडीचं इंजिन शेवटी मी मारलं. लग्न झाल्यापासून ज्या गोष्टीवरून मी तुमच्याशी रोज सकाळी भांडत आले, तीच गोष्ट मी स्वतःच्या हातानं केली, आणि करताना काय होणार आहे ते मला पुरतं ठाऊक होतं. इंजिन गार, मोटारसायकल जागेवर उभी, आणि मूठ पार शेवटापर्यंत पिळलेली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभं आडवं झाडलं असतं. तुम्ही असता तर गोठ्याच्या दारात उभे राहून हसला असता. "काय मास्तरीणबाई, शास्त्र कुठं ठेवून आलासा?" हसा. पण आधी सगळं ऐकून घ्या, कारण तुम्ही गेल्यापासून हे ऐकवायला मला माणूस उरलेलं नाही.

भेटायला लोक अजून येतात. चहा घेतात, तुमच्या फोटोकडे बघतात, आणि त्यातलं कुणीतरी म्हणतंच, "एवढा धडधाकट गडी, पर इंजिनच बंद पडलं की." मला त्या बोलण्याचा संताप येतो. मी मेस्त्रीची पोर आहे. बंद पडलेलं इंजिन खोलता येतं, बोअर करता येतं, नव्या रिंगा घालून परत रस्त्यावर काढता येतं. तुम्हाला कुणी परत काढलं? ताप अंगावर काढलात. "उद्या जाऊ की डॉक्टरकडं, आज पेंड आणायची हाय," म्हणालात. मग दवाखान्यात त्या काचेच्या दारापलीकडे तुम्हाला नेलं आणि मी अलीकडे चपला हातात धरून उभी राहिले. तुमच्या चपला. त्या मी का उचलल्या होत्या ते मला अजून कळत नाही.

तुम्ही मला बघायला मलकापूरला आलात तो दिवस आठवतो का? तुम्ही दिसायच्या आधी तुमची गाडी ऐकू आली. आमचं गॅरेज रत्नागिरीच्या रस्त्याला लागून, घर मागच्या बाजूला. आबा आत हात पुसत बसले होते. तुम्ही बाहेर येऊन थांबलात, थांबल्यावर उगीच दोनदा गाडी पिळलीत आणि लगेच बंद केलीत. आबांनी तोंड वाकडं केलं. आईला म्हणाले, "पोरगं बरं दिसतंय, पर इंजिनाचा वैरी हाय." आई म्हणाली, "मग नगं म्हणून सांगू?" आबा म्हणाले, "आपण पोरगी द्यायलोय, गाडी न्हाय." हे मी तुम्हाला लग्नानंतर सांगितलं तेव्हा तुम्ही गोठ्यात खाली बसून हसला होतात. त्यानंतर आबा आले की तुम्ही मुद्दाम गाडी पिळून दाखवायचात.

आबांचं एक म्हणणं होतं, इंजिन खोललं की चालवणारा दिसतो. लहानपणी मी त्यांच्याजवळ बसून ते बघायची. गिऱ्हाईक बाहेर बाकावर चहा पीत असायचं आणि आत त्याच्या गाडीचं पोट उघडं पडलेलं असायचं. सिलिंडरला उभे ओरखडे दिसले की आबा म्हणायचे, हा सकाळी चावी मारल्या मारल्या रेस करतो. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑईल खाली उतरून बसतं, वरचं लोखंड कोरडं राहतं. ऑईल परत वर चढायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ न देता पिळलं की लोखंडावर लोखंड घासतं. दुसऱ्या एखाद्या गाडीत वरचं सगळं ठीक असायचं आणि खालच्या बेअरिंगा खाऊन गेलेल्या असायच्या. तो गाडीवाला घाटात खालचा गेअर टाकायला कंटाळणारा, पेट्रोल वाचवायला गाडीला टॉपमध्येच रडवत नेणारा. आबा त्यांना काही बोलायचे नाहीत. बिल घ्यायचे आणि माझ्याकडे बघून डोळा बारीक करायचे.

अशा घरातली मी, आणि पडले तुमच्या पदरात. तुमच्या घरात गाडी जायला यायला नव्हतीच. ती म्हशीला हाक मारायला होती.

कोल्हापूरच्या बाहेर हे कुणाला सांगितलं की माणसं माझ्या तोंडाकडे बघतात. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवायच्या, शिंगं रंगवायची, मोराची पिसं आणि घुंगरं बांधायची, आणि मालकानं सायलेन्सरची पुंगळी काढलेली गाडी पिळत पुढं पळायचं. त्याच्या मागं त्याचीच म्हस गर्दीतून धावत आली पाहिजे. शेजारी दहा गाड्या पिळल्या जात असल्या तरी तिनं आपल्या गाडीचा आवाज ओळखला पाहिजे. त्यासाठी वर्षभर रोज शिकवणी. मैना रेडकू होती तेव्हापासून तुम्ही तिच्यासमोर गाडी पिळायचात आणि मग पेंडीचं घमेलं पुढं करायचात. एक लांब पीळ, मग दोन तोकडे. पहिल्यांदा ती दावं तोडून पळाली होती. पुढं पुढं तिला तुमची मूठ कळायला लागली. भावजींनी तीच गाडी पिळली तरी ती कान हलवायची नाही.

आणि हे सगळं कधी, तर सकाळी, धारेच्या आधी, गाडी गार दगड असताना. मी चुलीपुढून ओरडायची, "अहो, जरा चालू ठेवा, गरम होऊ द्या, मग काय करायचं ते करा." तुम्ही मुद्दाम पिळायचात. जागेवर उभ्या गाडीला वारा लागत नाही, इंजिन तापतं, ऑईल पातळ होतं, हे मी किती वेळा सांगितलं. फळ्यावर चित्र काढून दाखवायचं तेवढं राहिलं होतं. तुमचं उत्तर ठरलेलं. "तुझ्या शास्त्रात म्हस बसत न्हाय. तिला ह्योच आवाज कळतोय. इंजिन काय, नवं करता येतंय."

"मग करून घ्या की नवं. आबांकडं नेऊया."

"आन् मैनेनं वळखलं न्हाय तर?"

इथं आपलं भांडण येऊन थांबायचं. इतकी वर्षं ते तिथंच थांबलं. गाडी निळा धूर सोडायला लागली, ऑईल खायला लागली, सकाळी पिस्टन खडखडायचा तो अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा. मी म्हणायची, लाज वाटते. तुम्ही म्हणायचात, "तुझ्या कारचं बघ आधी." आणि तिथं तुम्ही बरोबर होतात, हे मी तेव्हाही कबूल करायची. इचलकरंजीच्या शाळेला जाताना मी गाडी चौथ्यात टाकून निवांत रेंगाळते. एकदा तुम्ही शेजारी बसला होतात, चढावर गाडी थरथरायला लागली आणि तुम्ही डॅशबोर्डवर हात फिरवून म्हणालात, "कण्हतीया बिचारी. मी पिळून मारतोय, तू रडवून मारतीस. आबांना दोन्हीकडनं गिऱ्हाईक." त्या दिवसानंतर मी चढावर खालचा गेअर टाकायला लागले. तुम्ही मात्र तुमची सवय बदलली नाहीत. माझ्यासाठी काहीच बदलायचं नाही असं तुम्ही ठरवूनच आला होतात की काय, हे मी तुम्हाला एकदा विचारणार होते.

नाही, असं म्हणणं खोटं होईल. गगनबावड्याचा दिवस मी विसरलेले नाही.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुम्ही मला त्याच गाडीवर बसवून निघालात. धुकं एवढं की पुढची एसटी अंगावर आल्यावरच दिसायची. तुम्ही चढ घेताना इंजिन असं काही किंचाळवत होतात की मागं बसून माझे दात आंबले. शेवटी मी तुमच्या पाठीवर बुक्की मारली आणि म्हणाले, थांबा, उतरा. तुम्हाला वाटलं मला ओकारी येतेय. मी म्हणाले, द्या इकडं गाडी. तुम्ही एकदा रस्त्याकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे, आणि मुकाट्यानं मागं बसलात. गावातलं कुणी बघेल म्हणून कुरकुर केली नाहीत. परत येताना सगळा रस्ता गाडी मी चालवली, जिथं हवा तिथं गेअर उतरवून, इंजिन ना किंचाळलं ना कण्हलं. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "एवढं गुमान चालवतीस की झोप याय लागली." मला वाटलं चेष्टा. थोड्या वेळानं तुमचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि तुम्ही खरोखर झोपलात. चालत्या गाडीवर, ओल्या कपड्यांत. तो भार मला अजून खांद्यावर कळतो, आणि परवापासून तिथंच दुखतंय.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. सगळ्यांनी हात जोडले. भावजी पुटपुटायला लागले होते, दादा, म्हशींची काळजी करू नगं, वहिनीची काळजी करू नगं. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा आला आणि शिवला. लोकांना केवढं बरं वाटलं. म्हणाले, मोकळा झाला, काही इच्छा राहिली नव्हती गड्याची. मला मात्र घाटाच्या पायरीवर बसून तुमचा भयंकर राग आला. काहीच राहिलं नव्हतं? मैना? पाडवा तोंडावर आलाय तो? मी? घटकाभर तरी अडून बसायचं होतंत. दुसऱ्यांच्या पिंडाला तासन् तास शिवत नाही, माणसं गयावया करतात, वचनं देतात. मला एक वचन द्यायची संधी सुद्धा दिली नाहीत.

आणि घरी आले तर मैना उपाशी.

तुम्ही दवाखान्यात होता तेव्हापासूनच तिनं पान्हा चोरायला सुरुवात केली होती. तुम्ही गेलात आणि तिनं वैरणीला तोंड लावायचं सोडलं. भावजी धारेला बसले की ती कास आखडून घ्यायची. रेडकू लावून बघितलं, गोंजारून बघितलं, गुळाचा खडा दिला. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आजार काही नाही, सवयीचा माणूस गेला की काही जनावरं असं करतात, एक तर सावरेल नाही तर खंगत जाईल. बाकीच्या म्हशी सावरल्या. ही भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. बरगड्या दिसायला लागल्या. माझी मला वेणी घालायचं सुचत नव्हतं, पण तिच्या बरगड्या मात्र मला दिसत होत्या.

भावजी वाईट नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते एका सकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले, खाली बघत म्हणाले, "वहिनी, रागावू नगासा. एक व्यापारी येऊन बघून गेलाय. अंगावर मांस हाय तवर दिलेली बरी. मेली तर आपल्याच दारात मरंल, ते दादाला सोसलं नसतं." बाजारातून अशी आटलेली म्हस पुढं कुठं जाते ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हणाले, पाडव्यापर्यंत थांबा. पाडव्याचं नाव मी का घेतलं कुणास ठाऊक. सुतकाच्या घराला कसला पाडवा.

गल्लीत तर तयारी सुरू झालीच होती. संध्याकाळी पोरं गाड्या पिळत म्हशी फिरवायची. आमच्या दारावरून जाताना आवाज कमी करायची, तेवढी माणुसकी होती. मैना कानसुद्धा टवकारायची नाही. मग भावजींना युक्ती सुचली. त्यांच्या मोबाईलमध्ये गेल्या पाडव्याचा तुमचा व्हिडिओ होता. त्यांनी कुठून तरी मोठा स्पीकर आणला आणि गोठ्यात लावला. तुमची गाडी आली, एक लांब, दोन तोकडे, आणि मध्ये तुमचा आवाज, "मैनेऽऽ!" मी दाराची चौकट धरली. मैना उठली. चालत स्पीकरपर्यंत गेली, त्याला हुंगलं, वळली आणि त्याच्यापुढं शेण टाकून परत बसली. भावजी आणि मी एकमेकांकडे बघून हसायला लागलो, हसता हसता भावजी रडायला लागले आणि मला त्यांना गप्प करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या गाडीवरचं पोतं काढलं.

माझ्या पद्धतीनं काढलं बरं का. ऑईल बघितलं, खाली गेलं होतं, घातलं. चार किका मारल्या, चालू झाली. मूठ न पिळता तशीच ठेवली, मंद. आबांनी शिकवलं तसं, हात लावून इंजिन कोमट झाल्याची खात्री केली. पिस्टनची खडखड जरा बसली. मग हळूहळू वाढवत नेलं, एक लांब, दोन तोकडे. इतकी गुणी रेस त्या गाडीला जन्मात कुणी दिली नसेल. मैनेनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मी परत केलं. पुन्हा तेच. तिला तो आवाज अनोळखी होता. तुम्ही त्या इंजिनाला कधी गरम होऊच दिलं नव्हतंत, तिला ते गरम इंजिन कुठून माहीत असणार?

मी गाडी बंद केली आणि आत जाऊन पालथी पडून रडले. तुमच्या नावानं शिव्या दिल्या, खऱ्या, आईवरून नाही पण त्याच्या जवळपासच्या. आणि दुसऱ्या सकाळी, गाडी गार दगड झालेली असताना, एका किकेत पेटली तशी मी मूठ पिळली. पार शेवटपर्यंत. ते कोरडं लोखंड कसं ओरडतं ते मला माझ्या दाढांत कळलं. पिस्टन खडखडला, टॅपेट वाजले, निळा धूर गोठाभर झाला. एक लांब. मैनेचे कान उभे. दोन तोकडे. ती धडपडत उठली, दावं ताणलं, आणि ओरडली. तुम्ही गेल्यापासून तिनं पहिल्यांदा आवाज काढला. मी डोळे पुसायच्या आत भावजी तिच्याखाली बसले होते. "पान्हा सोडलाय वहिनी, बंद करू नगासा, पिळा, पिळा." आणि मी पिळत राहिले.

तेव्हापासून रोज. सकाळी गार इंजिन पिळायचं, ती उठायची, चार घास खायची, अर्धीमुर्धी धार द्यायची. गाडी बंद झाली की दारातून रस्त्याकडे बघत उभी राहायची. मी तिथंच गाडीवर बसलेली असायची, पण तिची नजर माझ्यावरून पलीकडे. तेवढं मी सोसलं. खरं सांगायचं तर ती नजर मला समजत होती, कारण त्या धुरात, डोळे मिटून मूठ पिळताना, मलासुद्धा वाटायचं की मी चुलीपुढं बसलेय आणि बाहेर तुम्ही आहात. ओरडायची ऊर्मी यायची, अहो, गरम होऊ द्या. मैनेसाठी म्हणून मी ते करत होते हे अर्धंच खरं आहे.

इंजिन दिवसेंदिवस उतरत चाललं होतं. ऑईल घालावं तेवढं कमी पडायला लागलं. खालून एक जड ठोका येऊ लागला, तो आवाज मी लहानपणापासून ओळखते, बेअरिंग गेल्याचा. मी आबांना बोलावलं. त्यांना आता गुडघ्यांमुळं खाली बसवत नाही. भावजींनी त्यांना खुर्ची दिली. मी गाडी चालू केली. आबांनी छत्रीचं टोक इंजिनाला टेकवलं आणि दांडा कानाला लावला, नेहमीसारखं. बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "बंद कर बाळ."

मी विचारलं, "किती चालेल?"

"जेवढं पिळशील तेवढं कमी. खोलाय पायजे आता. बोअर करू, पिस्टन बदलू, खालचं बेअरिंग घालू. जावईपावण्यांची गाडी हाय, मी सोता उभा ऱ्हाऊन करून घेतो."

"मग आवाज?"

आबा छत्रीच्या टोकाला लागलेलं ऑईल पुसत राहिले. मी पुन्हा विचारलं. "आबा, आवाज ह्योच राहील का?"

"कसा ऱ्हाईल? तू ऐकतीस ती झीजच की सगळी. पावण्यांनी घासून घासून केलेली. बोअर केलं की सिलिंडर आतनं गुळगुळीत होतंय. जे गेलं ते गेलं, त्यो आवाज कुठनं आणू मी?" आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुला सुद्धा पायजे व्हय गं त्यो?"

मी मान खाली घातली. आबांनी छत्री भिंतीला लावली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, ऑईलचा वास येणारा. मी म्हणाले, नको खोलायला. ते म्हणाले, बरं.

तुमच्या सगळ्या सकाळी त्या सिलिंडरच्या आत होत्या, अहो. मी ज्या प्रत्येक पिळण्याला शिव्या घातल्या, त्याचा एक एक ओरखडा. तुमचा फोटो भिंतीवर आहे तो कुणाच्या तरी लग्नात काढलेला, टोपी घातलेला, त्यात तुम्ही कुणी दुसरेच दिसता. तुमच्या शर्टाचा वास गेला, मी रोज बघायची, एका सकाळी नव्हता. राहिलं होतं ते एवढंच. ते मी खरवडून गुळगुळीत करायला कशी देऊ? आणि ते न देता रोज पिळून पिळून संपवत होते. देवापुढं बसून मी म्हणाले, दोन्हीतलं एक तरी राहू दे, मैना नाहीतर आवाज. मला माहीत होतं की मैना जगवायची तर आवाज खर्ची पडणार. तरी म्हणाले.

पाडवा होऊन गेला, आणि मग ती सकाळ आली. थंडी पडली होती, इंजिन नेहमीपेक्षा गार. मी पिळलं. एक लांब. आवाज चढला, चढता चढता पातळ झाला, आतून घासल्याचा एक कर्कश सूर निघाला आणि गाडी जागच्या जागी थटली. मी किक मारली. किक दगडासारखी वरच. दोन्ही पायांनी उभी राहिले किकेवर, अंगाचा भार टाकला. भावजी धावत आले, "वहिनी, ऱ्हाऊ दे, धरलंय इंजिन." मी म्हणाले, "अहो, एकदाच." ते भावजींना म्हणाले की तुम्हाला, मला माहीत नाही. पाय सोलवटला तेव्हा थांबले. मैना उभीच होती. दोन तोकडे पीळ यायचे बाकी होते, त्यांची वाट बघत होती. मी तिच्या गळ्यात पडून म्हणाले, "संपलं गं. आता न्हाय येत." तिला काय कळणार. दिवसभर ती उभी राहिली, दिवस मावळेपर्यंत, पाण्यालाही तोंड लावलं नाही. भावजींनी व्यापाऱ्याला निरोप धाडला. मी अडवलं नाही.

परवा, व्यापारी यायच्या सकाळी, भावजी तिला शेवटचं म्हणून खरारा करायला गेले. मी आत होते. गाडी नाही, आवाज नाही, गल्लीतसुद्धा अजून कुणी उठलं नव्हतं. तेवढ्यात भावजींनी हाक मारली, इतक्या हळू की मला वाटलं ती गेली. जाऊन बघते तर मैना आंबोणाच्या घमेल्यात तोंड घालून खात होती. भावजींच्या हातात कास होती आणि बादलीत धार वाजत होती, पूर्वीसारखी, भरून. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडेच बघितलं, माझ्यावरून पलीकडे नाही. रस्त्याकडे तर तिनं मानही वळवली नाही. भावजी रडत हसत म्हणाले, "इसरली वहिनी. सुटली एकदाची. आता जगती बघा." व्यापाऱ्याला परत पाठवलं. भावजींनी पहिला पेला माझ्या हातात दिला, कोमट, फेसाळ, आणि सगळं घर किती तरी दिवसांनी जरा मोठ्यानं बोलायला लागलं.

तुमची मैना वाचली, अहो. हे सांगायला बसले होते. यापुढं ती भावजींच्या हातानं खाईल, भावजींच्या नव्या गाडीमागं पुढच्या पाडव्याला पळेलसुद्धा. मी आनंदानं बघेन, शपथ घेऊन सांगते. पण त्या सकाळी तो पेला घेऊन मी गोठ्यामागं गेले आणि मला ते दूध गिळवेना. इतके दिवस आम्ही दोघी होतो. आता तुमची वाट बघणारी या घरात मी एकटीच उरले.